एकीला एक रोल

"एक रोल पुरे," अध्यक्ष म्हणाले. "छत्तीस फोटो म्हणजे काय थोडे झाले?"

आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या महिला मंडळाची लंकेची सहल ठरली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिकडची लढाई थांबल्याची बातमी आली आणि अनुराधपूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहून यावा असं सगळ्यांच्याच मनात आलं. चौदा जणी तयार झाल्या. पंधरावी मी, फोटो काढायला. पुंडलिकनगरात गल्लीच्या तोंडाशी आमचा स्टुडिओ होता, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. अध्यक्ष विहाराच्या समितीचे. ते सोबत येणार नव्हते, पण तिकिटांपासून फराळापर्यंत सगळं त्यांच्या वहीत होतं आणि त्या वहीत फोटोंपुढे त्यांनी एक रोल लिहिला होता. प्रत्येक ठिकाणी एक ग्रुप, मूर्तीसमोर एक मोठा ग्रुप, झालं.

ग्रुप हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. त्याला कारण माझं काम. नवरा लग्नाच्या ऑर्डरी करायचा. रंगीत रोल उस्मानपुऱ्यातल्या लॅबमध्ये जायचे आणि काळ्या-पांढऱ्याचं सगळं काम मागच्या अंधाऱ्या खोलीत मी करायची. त्यातलं सगळ्यात जास्त काम म्हणजे 'ग्रुपमधून काढणं'. माणूस वारला की दोन-तीन दिवसांनी घरातलं कुणीतरी दुकानात येतं, पिशवीतून लग्नातला नाहीतर सत्काराचा एखादा फोटो बाहेर काढतं, त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवतं आणि म्हणतं, "ह्यांचा वेगळा काढून पाहिजे." मग मी त्या फोटोचा फोटो घ्यायचा, तेवढाच चेहरा मोठा करायचा आणि शेजारच्यांचे कान, खांदे, हार बारीक ब्रशनं रंगवून घालवायचे.

पुरुषांवर ही वेळ सहसा यायची नाही. नोकरीला लागताना, कर्ज काढताना, निवृत्त होताना त्यांचा एखादा फोटो निघालेला असायचाच. ग्रुपमधून काढाव्या लागायच्या त्या बायका. मागच्या रांगेत, अर्ध्या झाकलेल्या, कडेवर दुसऱ्याचं मूल, डोळे नेमके मिटलेले. मतदानाच्या कार्डावर फोटो असायचा, पण तो पाहून पोटच्या मुलांनासुद्धा आई ओळखता यायची नाही.

माझ्या आईलाही मीच ग्रुपमधून काढलं. भावाच्या लग्नातला फोटो होता आणि तिच्या खांद्यावर कुठल्यातरी पाहुणीचा हात होता. तो हात मी दोन दिवस बसून घालवला. हात गेला, पण खांदा दबलेला तो दबलेलाच राहिला. भिंतीवर आई अशी दिसते की जणू तिला कुणीतरी खाली बसवतंय. माझी आई कुणाच्या दाबण्यानं खाली बसणारी नव्हती.

तर अध्यक्षांनी एक रोल म्हटल्यावर मी म्हणून गेले, "चौदा लागतील. एकीला एक."

खरं सांगते, तोवर मी आकडा ठरवलेलाच नव्हता. रागात तोंडून निघाला. अध्यक्ष हसले. "सिनेमा काढायला निघालात व्हय?" म्हणाले. तेवढं हसणं पुरलं. त्यानंतर तेरासुद्धा मला कमी वाटले असते.

घरी येऊन विचार केला तर आकडा बरोबरच होता. बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की पहिले दहा फोटो ती पदर सावरते. पुढचे चार-पाच, आपण कशा दिसत असू या काळजीत जातात. मग ती कंटाळते, कॅमेरा विसरते, कुणाशी तरी बोलायला लागते आणि तिथून पुढं तिचा चेहरा यायला लागतो. म्हणजे सोळाव्या फोटोच्या आत बाई सापडतच नाही, हे माझं पक्कं मत. आमच्या मंडळातल्या एकीलाही आयुष्यात सोळा फोटो मिळाले नव्हते. माझं सोडा. स्टुडिओवाल्याच्या बायकोला फोटोंचा तोटा नसतो. रोल संपवायला उरलेले दोन-तीन नवरा माझ्यावरच मारायचा.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चौदा रंगीत रोल? लॅबवाला लग्नसराई समजेल."

"रंगीत नाही. काळे-पांढरे नेणार."

ते रोल आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे पडून होते. आता ते कुणी मागत नव्हतं. पण रंगीत फोटो दहा-पंधरा वर्षांत लालसर होतो, माणसांचे चेहरे उडून जातात. काळा-पांढरा नीट धुतला तर नातवंडांना पुरतो. नवऱ्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "आणि धुणार कशानं?"

खरी अडचण तीच होती. पावसानं दगा देण्याचं ते लागोपाठचं तिसरं वर्ष होतं. आमच्या भागात टँकर पाच दिवसांनी यायचा, कधी सहा, आणि घराला मोजून सहा हंडे. काळ्या-पांढऱ्या कामाला पाणी लागतं, आणि लागतं म्हणजे फार लागतं. औषधातून काढलेली फिल्म पाणी बदलून-बदलून धुवावी लागते, मग कागदावरचे फोटोही तसेच. त्यात आळस केला की चार वर्षांत फोटो पिवळा पडून डाग धरतो. कितीही काटकसर केली तरी एका रोलला फिल्मचा एक हंडा आणि फोटोंचा एक. चौदा रोल म्हणजे अठ्ठावीस हंडे. आमच्या शहरात परदेशी किती रोल न्यायचे हे कॅमेऱ्यावर नाही, टँकरवर अवलंबून होतं.

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली, आणि पुढच्या बैठकीत त्यांनी ती सगळ्यांसमोर काढली. "लोकांना प्यायला पाणी नाय अन् ह्यांना फोटो धुवायचेत," ते म्हणाले. कुणी माझ्याकडे बघेना. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की बोलणं खोटं नव्हतं. सकाळीच माझ्या शेजारणीनं एका तांब्यात पोराला आंघोळ घातली होती. मी उठून घरी आले.

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला निघाले तर अध्यक्षांच्या घरावर नजर गेली. त्यांचा वरचा मजला चढत होता. नव्या स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी भरून ठेवलं होतं, भिंतींना ओली पोती गुंडाळली होती आणि एक माणूस पाइप घेऊन सकाळच्या उन्हात कॉलमांना आंघोळ घालत होता. खाली सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला. खासगी टँकर येऊन गेला होता. मी तिथंच उभी राहिले. मग दिवसभर मला तेच दिसत राहिलं. आमची गल्ली, पुढची गल्ली, जालना रोडनं पार शेंद्र्यापर्यंत जिकडं बघावं तिकडं नवे स्लॅब, आणि प्रत्येक स्लॅब पाणी पितोय. शहर वाढत होतं ना. माणसाला पाणी नव्हतं, सिमेंटला होतं.

पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी आमच्या आज्या-आजोबांची पिढी रस्त्यावर चालली. ते ऐकतच मी मोठी झाले, आणि अध्यक्षसुद्धा. आता आपल्यातल्याच माणसानं भरल्या हौदाशेजारी उभं राहून मला अठ्ठावीस हंड्यांचा जाब विचारावा, ह्याची मला भयंकर चीड आली. तोंडात शब्द तयार व्हायला मला आठवडा लागला नाही, दुपारपर्यंत तयार झाले. पण बोलायला बैठकीपर्यंत थांबले, कारण त्यांनी मला चारचौघांत विचारलं होतं.

बैठकीत मी उभी राहिले. "साहेब, स्लॅबला पाणी मारलं नाय तर काय होतं?"

"तडे जातात," ते बेसावधपणे म्हणाले.

"फोटोला मारलं नाय तर पिवळा पडतो. तुमचा स्लॅब तडकू नये, तशी ह्या बायांची तोंडं पिवळी पडू नयेत. एवढंच मागतेय."

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांची बायको आमच्या चौदांतलीच. ती चटईचा काठ उलगडत बसली होती, तिनं मान वर केली नाही. मग मी ग्रुपमधून काढण्याची सगळी गोष्ट सांगितली. अंधाऱ्या खोलीत मी कुणाकुणाच्या आईचे, सासूचे चेहरे दुसऱ्यांच्या खांद्यांमधून उचकटून काढले ते सांगितलं. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांचं काम माझ्या हातून गेलेलं होतं. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की आपणही कधीतरी अशाच निघणार.

आमच्यातली सगळ्यात म्हातारी एक भाजीवाली मावशी होती. ती म्हणाली, "माझे दोन हंडे धर गं. दोन टँकर मी डोक्यावरून न्हात नाय. तसंबी माझ्या डोक्यावर केस किती राहिलेत?"

हशा पिकला आणि मग एकेक जण बोलायला लागली. दोन हंडे, दोन हंडे. कुणी धुणं पुढं ढकलणार होती, कुणी माहेरी जाऊन कपडे धुऊन आणणार होती. अध्यक्षांनी वही मिटली.

शेवटी दोघी राहिल्या. ह्या दोघी शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. एकाच बसनं जायच्या, एकाच बाकावर बसायच्या, डबाही एकमेकींचाच खायच्या. एक उंच, एक बुटकी. कॉलनीत त्यांना कुणी एकटीला बघितलंच नव्हतं.

"ताई, आमच्या दोघीत एकच रोल कर," उंच म्हणाली. "तेवढेच दोन हंडे वाचतील. आम्ही अशाबी संगंच असतोय."

"नाही," मी म्हटलं. "एकीला एक."

"अवं, पण आम्हाला चालतंय की."

"मला चालत नाही."

मला तेव्हा वाटलं, ह्या दोघींवर मी उपकारच करते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिजमधून रोल काढले. प्रत्येकाच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर एकेकीचं नाव. शंकरपाळ्याच्या स्टीलच्या डब्यात चौदा डब्या बरोबर बसल्या. नवरा शेजारी उभा होता. "एक जास्तीचा घे," तो म्हणाला. "लागला तर लागला, ग्रुपला."

"ग्रुप काढायचाच नाही."

"एखादा तरी. आठवण म्हणून."

"एकही नाही. आज ग्रुप काढला तर उद्या त्यातून कुणालातरी मलाच कापावं लागेल. असलाच नाही, तर कापणार कशातून?"

त्यानं हातातला पंधरावा रोल परत दह्यामागे ठेवला. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं.

विमानतळावर तपासणीच्या मशीनमधून फिल्म गेली तर बिघडते असं ऐकलं होतं, म्हणून मी डबा हातात धरून बसले. तिथल्या शिपायानं विचारलं, यात काय. मी म्हटलं, चौदा बायका. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकेक डबी उघडून दाखवावी लागली. रांग खोळंबली, मागचा सुटाबुटातला माणूस घड्याळ बघत राहिला, पण मी डबा मशीनमध्ये घालू दिला नाही.

लंकेत अध्यक्षांचा बेत तसाही फसलाच असता. तिथं मूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा नसतो. आपल्याकडं आपण बिनधास्त मूर्तीपुढं ओळीनं उभे राहतो. आमच्या बायका सवयीनं तशा उभ्या राहायला गेल्या, तर तिथला रखवालदार धावतच आला. मग मी एकेकीला बाजूला घेतलं, झाडाखाली, पायऱ्यांवर, फुलवालीच्या टोपल्यांपाशी. रोज दोन-तीन जणींची पाळी. मावशीचा चेहरा सत्ताविसाव्या फोटोला आला. तिथल्या भाजीवालीशी ती मराठीत भावावरून हुज्जत घालत होती आणि ती बाई तिला सिंहलीत उत्तर देत होती.

शेवटच्या दिवशी कोलंबोत समुद्र पाहिला. त्या दोघींची पाळी मी मुद्दाम समुद्रासाठी राखून ठेवली होती. दोघींनीही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लाट आली की ओरडायच्या, गेली की पुढं व्हायच्या, आणि हे सगळं एकमेकींचा हात घट्ट धरून.

"हात सोडा," मी ओरडले. "एकेकटी या."

"भ्या वाटतंय ताई!"

"मी आहे ना इथं. सोडा हात."

त्यांनी सोडला. आधी उंच बाईचे छत्तीस काढले, मग बुटकीचे छत्तीस. एकीचे काढताना दुसरी माझ्या मागं कोरड्या वाळूत चपला सांभाळत उभी होती.

परत आलो तर टँकरचा पत्ता नव्हता. आठ दिवस झाले, नळ तर कधीचेच कोरडे होते. कबूल केलेले हंडे कुठल्या तोंडानं मागायचे? चौदा रोल औषधाशिवाय तसेच पडून होते आणि उन्हाळा चढत होता. नवव्या दिवशी भर दुपारी अध्यक्षांची बायको दुकानात आली. ही बाई कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"हंडे घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांना हाक मारा."

आम्ही तिच्या मागं गेलो. ती सरळ बांधकामावर गेली, पाणी मारणाऱ्या माणसाच्या हातातून पाइप घेतला आणि पहिल्या हंड्यात सोडला. अध्यक्ष वर स्लॅबवरच होते. "काय चाललंय खाली?" ते ओरडले.

"माझे दोन हंडे द्यायचे राहिलेत."

"अन् ह्या बाकीच्यांचे?"

"त्याबी माझ्याच हायेत," ती म्हणाली आणि पाइप दुसऱ्या हंड्यात घातला.

ते जिना उतरून खाली आले, पण भर रस्त्यात चौदा बायका आणि त्यांचे हंडे बघून परत वर गेले. पहिले हंडे जिच्या-तिच्या घरी प्यायला गेले, हेही सांगायला हवं. त्यांच्यानंतरचे अठ्ठावीस माझ्या दुकानात आले. स्लॅबला काही झालं नाही. तो अजून उभा आहे.

चार दिवस मी रोल धुतले. प्रत्येक रोलचे छत्तीसही फोटो बारीक आकारात एकेका कागदावर उतरवले आणि दुकानातल्या दोरीवर चौदा कागद ओळीनं लावले. बायका भिंग डोळ्याला लावून स्वतःला शोधत होत्या. मावशी म्हणाली, "ही मी व्हय? लई भांडकुदळ दिसतीय की." आणि तोच निवडला.

अध्यक्षही आले. विहारात लावायला ग्रुप हवा होता. "नाही काढला," मी सांगितलं.

"चौदा रोलांत एक ग्रुप नाय?"

"एकही नाही. मुद्दाम नाही काढला."

ते चिडले, मंडळाची शिस्त वगैरे बोलले. मग बोलता-बोलता बायकोच्या कागदापाशी थांबले. बराच वेळ भिंग धरून उभे होते. "ही एवढी कशाला हसतेय?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत. घरी जाऊन विचारा तिला."

त्या दिवशी माझ्याइतकी ताठ मानेनं पुंडलिकनगरात कुणी चालत नसेल. जे ठरवलं ते केलं होतं, कुणापुढं वाकले नव्हते. आता ह्यांतल्या एकीलाही कुणी कशातून कापून काढणार नव्हतं.

सगळ्यात शेवटी त्या दोघी आल्या, कंपनीच्या बसमधून उतरल्यावर. दोघींनी आपापला कागद बघितला. मग एकमेकींचा बघितला. मग पुन्हा आपला, आणि मग दोरीवरचे बाकीचे बाराही कागद एका टोकापासून बघत आल्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

"ताई," बुटकी म्हणाली, "आमच्या दोघींचा कुठाय?"

"हे काय, हा तुझा, हा तिचा."

"ते बघितले. संगंचा?"

मी सगळं पुन्हा सांगायला लागले. ग्रुप का नको, कापणं काय असतं, माझ्या आईचं काय झालं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मीच अडखळायला लागले.

"पर आम्हाला कामून कुणी कापलं असतं?" उंच म्हणाली. भांडत नव्हती. खरंच विचारत होती.

मी कॅमेरा उचलला. "उभ्या राहा दोघी. आत्ता काढते. पाहिजे तेवढे काढते."

त्या उभ्या राहिल्या नाहीत. बुटकीनं आपला कागद गुंडाळून पिशवीत ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता.

"हितं कशाला काढतीस? हितं तर आम्ही रोजच संगं असतोय. समुद्र कुठून आणशील?"